जनावराची शेपटी ॲनिमेट कशी करायची: नवख्यांसाठी

नवख्याने केलेलं जनावराचं ॲनिमेशन समोर आलं की मी आधी शेपटी बघतो. चेहऱ्यावर, चालीवर सगळ्यांनीच मेहनत घेतलेली असते. शेपटी मात्र "राहिलीय तेवढी हलवून टाकू" म्हणून शेवटी उरकलेली असते, आणि मग ती गाडीच्या वायपरसारखी इकडून तिकडे जात राहते. बाकीचं काम कितीही चांगलं असलं तरी बघणाऱ्याला कुठेतरी खटकतं आणि नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

सगळ्याचं मूळ एकच आहे. शेपटी बुडातून हलते. शेंडा स्वतःहून काही करत नाही, तो बुडाच्या मागून उशिरा येतो. तो उशीर किती ठेवायचा हे एकदा जमलं की निम्मं काम झालं. पुढचे सगळे आकडे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, धरून दिलेत, आणि सॉफ्टवेअर ब्लेंडर धरलंय, कारण ते फुकट आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं.

आधी जनावर बघा

सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना याबाबतीत मुंबई-पुण्याच्या मुलांचा हेवा करायचं काहीच कारण नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात खिल्लार जनावरं आहेत. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात तासभर फिरलात तरी वर्षभर पुरेल एवढा माल मोबाइलमध्ये जमा होतो. खिल्लारची शेपटी सडपातळ, खाली काळा गोंडा, आणि अंग पांढरं. त्यामुळे हालचाल लांबूनही स्वच्छ दिसते. म्हशीची शेपटी काळ्या अंगावर काळीच, ती नवख्याने पहिल्यांदा घेऊ नये.

शूटिंग मालकाला विचारून करा. "मामा, जरा व्हिडिओ काढू का?" म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. "काढ की, पर लांबनं. नवीन माणूस बघितला की बुजतंय ते," असं उत्तर येतं आणि ते मनावर घ्या. थेट मागे उभं राहू नका. एका अंगाला, लाथ पोचणार नाही इतक्या अंतरावर, मोबाइल स्थिर धरून उभे राहा. स्लो मोशन चालू करा. तुमच्या फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमची सोय असेल तर उत्तम, कारण हिशोब सोपा पडतो: व्हिडिओतल्या १० फ्रेम म्हणजे तुमच्या ॲनिमेशनची १ फ्रेम.

आता व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. पाठीवर माशी बसलीय. पहिल्यांदा हलतं ते शेपटीचं बूड, माकडहाडाजवळचा वीतभर भाग. तो वर उचलला जातो तेव्हा गोंडा अजून खालीच लोंबत असतो, त्याचा पत्ताच नसतो. मग मधला भाग वर खेचला जातो आणि शेपटीला बाक येतो. बूड आपल्या टोकाच्या जागी पोचून थांबतं, आणि नेमक्या त्याच वेळी गोंडा सगळ्यात जोरात निघालेला असतो. तो पाठीवर आपटतो, केस फिस्कारतात, क्षणभर तिथेच पडून राहतात. मग शेपटी स्वतःच्या वजनाने घसरत खाली येते. वर जाणं झटक्यात, खाली येणं निवांत. ही दोन्ही अंगं सारख्या वेळाची केली की जनावर यंत्राचं वाटायला लागतं.

गाईच्या शेपटीत साधारण १८ ते २१ मणके असतात. खालच्या गोंड्यात मात्र केसच जास्त. म्हणजे वरचा भाग स्नायूंच्या ताब्यात, खालचा कुणाच्याच नाही. हा फरक ॲनिमेशनमध्ये दिसला पाहिजे.

जनावर जवळ नसेल तर दोन-तीन हात लांबीचा कासरा घ्या, एक टोक धरून मनगट सावकाश डावी-उजवीकडे हलवा, आणि कुणाला तरी समोरून व्हिडिओ काढायला सांगा. मनगट म्हणजे बूड. दोराला स्वतःचं काही मत नाही, तरी त्याला इंग्रजी एस अक्षरासारखी वळणं पडतात. ती का पडतात हे हातालाच कळतं, पुस्तकातून कळायला वेळ लागतो.

वहीच्या कोपऱ्यात आठ चित्रं

कॉम्प्युटर लावायच्या आधी हे करा. कंटाळा करू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. जाड पानांच्या वहीच्या कोपऱ्यात, किंवा मोबाइलवर फ्लिपाक्लिप या ॲनिमेशनच्या ॲपमध्ये, खाली लोंबणारी शेपटी काढा. नुसती एक रेघ पुरे.

पहिलं चित्र: शेपटी उजव्या टोकाला. बूड परत डावीकडे वळायला लागलंय, शेंडा अजून उजवीकडेच निघालाय. तिसरं: शेपटी मधून डावीकडे चाललीय. बूड पुढे, शेंडा मागे, म्हणजे उजवीकडे ओढलेला. पाचवं म्हणजे पहिल्याचं आरशातलं रूप, सातवं म्हणजे तिसऱ्याचं. राहिलेली दुसरी, चौथी, सहावी, आठवी ही मधली चित्रं. त्यातही टोकांच्या जवळची चित्रं दाट, मधली विरळ ठेवा. टोकाला शेपटी मंदावते, मधून सुसाट जाते. प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवलं की १६ फ्रेमची फेरी, म्हणजे उजवीकडून डावीकडे जाऊन परत, होते.

तिसरं आणि सातवं चित्र शेजारी ठेवून बघा. दोन्हीत शेपटी मधोमधच आहे, पण बाक उलटे आहेत. ही मी सगळ्यांना सांगतो ती परीक्षा. मधून जाताना दोन्ही वेळा शेपटी सारखीच दिसत असेल तर तुम्ही काठी हलवताय.

आणखी एक गोष्ट. शेंड्याचे आठही ठिपके एका कागदावर उतरवून जोडा. गुळगुळीत वळण, बहुतेक वेळा आडवा पडलेला आठचा आकडा, दिसला पाहिजे. एखादा ठिपका रेघ सोडून बाहेर पडला असेल तर तिथे शेपटी झटका खाणार. रेघेची लांबीही मोजा. नवख्यांची शेपटी टोकाला लांब आणि मध्ये आखूड होते, आणि हे डोळ्याला कळायच्या आधी पट्टीला कळतं.

ब्लेंडरमध्ये हाडं बसवणं

शिफ्ट धरून ए दाबा, आर्मेचर, म्हणजे हाडांचा सांगाडा, घ्या. त्यातलं एकेक हाड म्हणजे बोन. टॅब दाबून एडिट मोडमध्ये जा आणि पहिल्या बोनच्या टोकापासून ई दाबत पुढचे बोन काढत जा. १८ मणके आहेत म्हणून १८ बोन काढत बसू नका. पाच पुरेत, फार तर सात. बुडाकडचे लांब, शेंड्याकडचे आखूड ठेवले की शेंडा जास्त लवचिक वाकतो.

आकृतीवर पुरेशा आडव्या कडा आहेत का बघा. एका बोनच्या लांबीत निदान दोन-तीन तरी हव्यात, नाहीतर शेपटी वाकताना पाइप मोडल्यासारखी चेमटते आणि दोष तुम्ही ॲनिमेशनला देत बसाल. मग टॅबने एडिट मोडमधून बाहेर या, आधी आकृती, नंतर आर्मेचर निवडून कंट्रोल आणि पी, आणि यादीतून ऑटोमॅटिक वेट्स. याने आकृती बोनांना जोडली जाते.

पोझ मोडमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी रोटेशन मोड बदला. ब्लेंडर बोनला क्वाटर्नियन, म्हणजे फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत, देतं. त्याचे चार आलेख वाचून शेपटी कुठे चाललीय ते माणसाला समजत नाही. एन दाबल्यावर उजवीकडे जी पट्टी उघडते तिथे प्रत्येक बोनला एक्सवायझेड ऑयलर द्या. ब्लेंडरमध्ये बोनचा वाय अक्ष त्याच्या लांबीतून जातो, म्हणजे वायवर फिरवलं तर शेपटी पिळली जाईल. वाकवायची असेल तर एक्स किंवा झेड.

पाच बोन, तीन-तीन फ्रेमचा उशीर

इथे घाई करू नका, लेखातली कामाची गोष्ट हीच आहे.

वरच्या पट्टीत पिव्होट, म्हणजे कशाभोवती फिरायचं तो बिंदू, इंडिव्हिज्युअल ओरिजिन्सवर ठेवा. हे केलं नाही तर सगळे बोन निवडूनही शेपटी बुडातूनच अख्खी फिरते, वाकत नाही. आता फ्रेम १ वर पाचही बोन निवडा, आर दाबा, मग एक्स दोनदा. शेपटी बाजूला जायच्या ऐवजी पुढे-मागे गेली तर एक्सच्या जागी झेड दोनदा. साधारण १२ अंश फिरवा आणि आय दाबून कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमवरच्या पोझची नोंद, बसवा. पोरं इथे ४० अंश घेतात. पण प्रत्येक बोन आपल्या आधीच्या बोनचं फिरणं अंगावर घेऊनच पुढे फिरतो. पाच बोन १२ अंशांनी वाकले की शेंडा ६० अंश वळलेला असतो. ४० घेतलेत तर तो २०० अंश वळून परत अंगात घुसतो.

फ्रेम १३ वर तेवढंच उलट बाजूला, परत आय. फ्रेम १ ची पोझ कंट्रोल-सीने उचलून फ्रेम २५ वर कंट्रोल-व्हीने टाका, परत आय. टाइमलाइनचा शेवट २४ वर ठेवा.

आता ग्राफ एडिटर उघडा, ए दाबून सगळे आलेख निवडा, शिफ्ट धरून ई दाबा आणि मेक सायक्लिक घ्या. आलेख दोन्ही बाजूंना कायमचे चालू राहतात. ही पायरी पुढच्या पायरीच्या आधीच करायची. केलीच नाही तर कीफ्रेम सरकवल्यावर सुरुवातीला मोकळी जागा पडते, आणि तेवढा वेळ शेंडा गोठून बसतो.

चालवून बघा. शेपटी डावी-उजवीकडे वाकतेय, पण सगळी एकाच वेळी. निर्जीव आहे, बरोबर. आता व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे आकृती दिसते त्या खिडकीत, फक्त दुसरा बोन निवडा. डोप शीटमध्ये, म्हणजे कीफ्रेम ठिपक्यांनी दाखवणाऱ्या खिडकीत, ए दाबून त्याचे सगळे कीफ्रेम निवडा, जी दाबा, ३ टाइप करा, एंटर. दुसरा बोन तीन फ्रेम मागे पडला. तिसरा बोन ६, चौथा ९, पाचवा १२. परत चालवा.

बहुतेक जण इथे खुर्चीत सरळ बसतात.

हा १२ चा आकडा उगाच आला नाही. फेरी २४ फ्रेमची, बूड ते शेंडा एकूण उशीर १२ चा, म्हणजे अर्धी फेरी. बूड उजवीकडे वाकतं तेव्हा शेंडा डावीकडे, म्हणून एसचं वळण. एकूण उशीर पाव फेरीचा, म्हणजे ६ फ्रेमच्या आसपास ठेवला तर शेपटी ताठ, तरणी वाटते. लॅब्रॅडॉरसारखं जाड शेपटीचं कुत्रं तसं. पूर्ण फेरीएवढा केला तर लाट अंगातून वाहत जाते आणि ती शेपटी राहत नाही, मासा किंवा पाण्यातला साप होतो. त्यामुळे दोन-दोन की तीन-तीन फ्रेम असा पाठ केलेला आकडा वापरू नका. आधी फेरी किती फ्रेमची ते ठरवा, मग तिचा किती हिस्सा शेंड्याला उशीर द्यायचा ते, आणि तो बोनांमध्ये वाटा.

वाटणीसुद्धा अगदी समान नको. बुडाकडे कमी, शेंड्याकडे जास्त: २, ३, ३, ४. अंशांचंही तसंच: बुडाला ८, मग १०, १२, १५, १८. हाताने केलेल्या कामाची खोट यात येते आणि ती चांगली दिसते. गोंड्याला वेगळे दोन बोन द्या आणि त्यांना आधीच्या बोनपेक्षा चार-पाच फ्रेम जास्त मागे ठेवा. केसांना घाई नसते.

माशी हाकलणं

फेरी जमली की माशी हाकलायची शेपटी करा, कारण गोठ्यात जनावर लंबकासारखं शेपटी हलवत उभं राहत नाही. मी साधारण असे आकडे घेतो. फ्रेम १ ते ४: बूड किंचित उलट्या बाजूला जातं, उसळी घ्यायच्या आधी दबावं तसं. ४ ते ८: बूड वर फेकलं जातं, गोंडा खालीच. ९-१०: बूड थांबलं, गोंडा सुसाट. ११-१२: गोंडा पाठीवर. १६ पर्यंत तिथेच, फक्त केस थोडे ओघळतात. तिथून ३० पर्यंत खाली घसरणं. मग मधली रेघ ओलांडून १५ अंश पलीकडे, ७ अंश अलीकडे, ३ अंश, आणि शांत.

दोन झटक्यांमधलं अंतर सारखं ठेवू नका. एकदा ३० फ्रेमनी, मग ७०, मग ४५. माश्या वेळापत्रक बघून येत नाहीत. शिवाय शेपटी खांद्यापर्यंत पोचत नाही. तिथे माशी बसली तर जनावर कातडं थरथरवतं, नाहीतर मान वळवून हाकलतं. खांद्यावरच्या माशीला शेपटी मारणारी गाय काढलीत तर शेतकऱ्याचं पोरगंच तुम्हाला हसेल.

चालताना

चालणाऱ्या जनावराची शेपटी वेगळी ॲनिमेट करायला घेऊ नका. ती ढुंगणाला जोडलेली आहे. ढुंगण काय करतंय ते बघा. चालीच्या एका फेरीत ते डावी-उजवीकडे एकदा डुलतं आणि वर-खाली दोनदा होतं, कारण मागचा प्रत्येक पाय एकेकदा वजन घेतो. म्हणून शेपटीच्या आडव्या हालचालीची फेरी चालीएवढी, आणि उभ्या हालचालीची तिच्या निम्मी. दोन्ही एकत्र झाल्या की शेंडा आपोआप आडवा आठ काढतो. ढुंगण खाली जातं तेव्हा शेंडा क्षणभर वरच राहतो, हेही विसरू नका. पळताना मात्र गुरं शेपटी उचलतात. शर्यतीच्या बैलाची शेपटी गोठ्यातल्यासारखी लोंबती दाखवली तर सगळा जोरच जातो.

बाकीच्या शेपट्या, थोडक्यात

कुत्र्याची शेपटी वेगात हलते, फेरी ६ ते ८ फ्रेमची. एवढ्याशा फेरीत तीन फ्रेमचा उशीर बसणार नाही, एकच फ्रेम ठेवा, आणि सोबत कंबरही थोडी हलवा. खूश झालेलं कुत्रं कंबरेतून हलतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की ओळखीचा माणूस दिसला की कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकते, आणि अनोळखी दांडगं कुत्रं समोर आलं की डाव्या. आलेख पाच अंश वर किंवा खाली सरकवला की हे साधतं. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण करून बघायला मजा येते.

मांजर हा या सगळ्या नियमाला अपवाद. तिचं बूड शांत असतं आणि नुसता शेंडा वळवळतो, तेव्हा तिचं डोकं कुठेतरी उंदरावर असतं. अशा वेळी पहिले तीन बोन गोठवा आणि लाट चौथ्यापासून सुरू करा.

शेळीची शेपटी आखूड आणि वर, मेंढीची लोंबती. माडग्याळची मेंढरं काढताना शेळीची शेपटी लावलेली मी बघितलीय, आणि जतकडच्या माणसाला ते पहिल्या नजरेत कळतं. दोन्ही शेपट्यांना लाट नको; दोन-दोन फ्रेमची थरथर पुरे.

सागरेश्वरच्या जंगलातलं चितळ बिथरलं की शेपटी उभी करतं आणि खालचा पांढरा भाग दिसतो. तिथेही लाट नाही, दोनच पोझ: खाली, आणि चार फ्रेममध्ये वर.

वानराची शेपटी अंगापेक्षा लांब. बसलेलं वानर काढा, भिंतीवरून शेपटी सरळ खाली सोडा, आणि फक्त शेंड्याचा वीतभर भाग सावकाश हलवा, ४०-४८ फ्रेमची फेरी. पण शेपटीने फांदीला लटकणारं वानर काढू नका. तसं लटकणारी माकडं दक्षिण आणि मध्य अमेरिकेत आहेत. आपल्याकडचं वानर शेपटी तोल सांभाळायला वापरतं, पकडायला नाही.

काम देण्याआधी

आकृतीला सपाट काळा रंग देऊन नुसती सावली चालवून बघा. शेपटी पायांत किंवा पोटात हरवत असेल तर ती थोडी बाहेरच्या अंगाला आणा. खऱ्या जनावरात ती हरवली तरी चालते, पडद्यावर नाही. मग चित्र आडवं उलटवून बघा. डोळ्याला सवय झालेले दोष उलटल्यावर उघडे पडतात. शेवटी वेग निम्मा करून शेंड्याकडेच लक्ष ठेवा. ग्राफ एडिटरमध्ये कुठे आलेखाला टोकदार कोपरा असेल तर झटका तिथूनच येतो. तो कीफ्रेम काढूनच टाका; नवखे कीफ्रेम वाढवून गुळगुळीतपणा आणायला बघतात आणि दर वेळी आणखी खडबडीत करतात.

लूप द्यायचं असेल तर फ्रेम १ ते २४ एवढ्याच द्या. पंचविसावी ही पहिलीचीच नक्कल असते. ती फाइलमध्ये गेली की दर फेरीला तीच पोझ दोनदा लागते, शेपटी सेकंदाला एकदा अडखळते, आणि गेमवाले तुम्हाला फोन करून कारण विचारतात.